दिवेलागणीचे विरजण

आषाढ वद्य ११, शके १८५४

आज मिरीचे धाकटे करडू गेले. सकाळी पाहिले तर मान टाकून पडले होते आणि पोट मात्र भरल्या पखालीसारखे. शकू म्हणाली, "आई, इतकं पोटभर असून उपाशी कसं गं मेलं?" तो प्रश्न दिवसभर मागे लागला. म्हणून ही वही काढली. तिच्याच शाळेची आहे. ती आजारी पडून मिरजेला गेली तेव्हा निम्मी कोरी राहिली होती.

घरात हे बोलावे असे कोणी नाही. कोर्टातून आल्यावर शेळ्यांचे नाव काढले की ह्यांच्या कपाळाला आठी पडते. वन्सं तर शेळी हा शब्दच उच्चारत नाहीत. "तुमची ती" म्हणतात.

फाल्गुनात शकू मिरजेच्या इस्पितळातून घरी आली तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते, छातीचे दुखणे बरे होईल, पण जपा, आणि रोज शेळीचे ताजे दूध द्या. मी लगेच शेळ्या आणल्या. ढवळी, मिरी आणि तांबू. परसात छप्पर घातले. ब्राह्मणाच्या घरी शेळ्या म्हणून गल्ली हसली. कोपऱ्यावरच्या राममंदिराचे पुजारी वेणीमाधवभटजी तर तेव्हापासून आमच्या दारावरून जाताना नाकाला उपरणे लावतात. हसोत. शकूच्या गालांवर मांस आले ते ढवळीच्या दुधाने, उपरण्याने नव्हे.

वन्संनी अट घातली होती, शेळीच्या दुधाचा थेंब त्यांच्या स्वयंपाकघरात यायचा नाही. त्या ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कपाळ पुसून माहेरी आल्या, त्या इथेच राहिल्या. देवळातला रोजचा नैवेद्य त्यांच्या हातचा जातो. सोवळे म्हणजे त्यांचा श्वास. म्हणून मी पडवीत वेगळी चूल मांडली, वेगळे पातेले घेतले. आमच्या दोघींमध्ये तेवढाच एक उंबरा आहे, पण तो फार उंच आहे.

ढवळीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते आहे. बोट लावले की थुलथुलते. तीही जाणार की काय?

आषाढ वद्य १३

"गुरांच्या दवाखान्यात बायका जात नाहीत," हे म्हणाले. मग पुरुषांनी जावे. ते कोर्टात गेले. मी ढवळीला दावे लावले आणि भर रस्त्याने निघाले.

माडीवरून हाक आली, "अनसूयाबाई, बाजाराला का?"

"नाही, डॉक्टरांकडे."

वर हशा पिकला. माझे कान तापले होते, पण पाय थांबले नाहीत. ढवळीचेही नाहीत बिचारीचे.

दवाखान्यातले मानसिंग डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी ढवळीची पापणी उलटून दाखवली. आत कागदासारखे पांढरे. "रक्त राहिलं नाही, बाई. जंत पितात. चारायला कुठं पाठवता?"

"तळ्याच्या काठी," मी अभिमानाने सांगितले. "शेळ्या चारायला नेते त्या गोजाबाईला मी बजावून ठेवलंय, माळावर नको, तिथं काय मिळतं? काठाचं हिरवंगार गवत घाल."

त्यांनी कपाळाला हात लावला. "शहरातली माणसं शेळीला हिरवं दाखवतात आणि मारतात. ओल्या गवताच्या शेंड्यावरच जंतांची पिल्लं चढून बसतात. तळं बंद करा. बांधून घाला, झाडपाला द्या." आणि जंतांवर मोरचुदाचे निळे पाणी दिले, मापाची वाटीही दिली.

म्हणजे मायेने मीच वाढत होते ते ताट.

दिव्याची अवस

घरोघर दिवे घासून मांडलेत. आमच्या परसात अंधार.

निळे पाणी तिन्ही शेळ्यांना आणि उरलेल्या दोन्ही करडांना दिले, वाटीच्या मापानेच. मिरीचे थोरले करडू काल तोंडाला फेस येऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "फारच खंगलेलं होतं, सोसलं नाही. थोडं आधी आणायला हवं होतं." खरे असेल. त्यांच्यावर राग नाही. पण शकूने ते पाणी मोरीत ओतले आणि म्हणाली, "परत पाजलंस तर मी दूध पिणार नाही." प्यायला दूध तरी कुठे आहे? ढवळी आटली. आज गवळ्याचे म्हशीचे दूध दिले, ते तिला ओकारी होऊन पडले. दुपारी तिचा हात हातात घेतला तर कोमट लागला. थर्मामीटर लावायला मी भ्याले.

हे जेवताना म्हणाले, "अगं, पुरे आता. पोळ्याच्या आदल्या मंगळवारी खाटकाला बोलावतो. जिवंत आहेत तोवर नेईल."

"आणि शकू?"

"दुसरी बघू एखादी. निरोगी."

"तिलाही जंत झाले की तिसरी?"

ते भात कालवत राहिले. वाईट नाहीत ते. फक्त गल्लीला भितात. त्या मंगळवारपर्यंत शेळ्यांना कोणी हात लावायचा नाही, एवढी मुदत मी मागून घेतली. कशासाठी मागितली ते मलाच माहीत नाही.

श्रावण शुद्ध ३

आज आठवले. शकू चार वर्षांची असताना तिचे पोट असेच फुगले होते, रात्री दात खायची. तेव्हा वन्संनी तिला अनशापोटी आंबट ताक पाजले होते. तोंड वाकडे करून प्यायची. आठ-पंधरा दिवसांत पोरीचे पोट बसले.

लेकराला चालते ते करडाला का चालू नये?

वन्सं देवापुढे वाती वळत होत्या. मी विचारले, "वन्सं, शकूला तेव्हा ताक द्यायचात ते कसं करायचात?"

"का?"

"शेळ्यांना पाजून बघते."

वात अर्धी राहिली. "आता शेळ्यांना ताक! उद्या त्यांच्यापुढे पाट मांडा, रांगोळी काढा. माझ्या विरजणाला बोट लावायचं नाही, अनसूये, सांगून ठेवते. आईच्या वेळचं आहे ते. तिच्या सासूपासून चालत आलंय."

बरे. माझे मी बघेन.

गोजाबाईकडे गेले. धनगराची आहे, तिच्या घरी ताकाला काय तोटा. माझे ऐकून ती कमरेवर हात ठेवून हसली.

"शेळीचं दूद काडायचं, त्याचं ताक करायचं आन् परत शेळीलाच पाजायचं? वैनी, ही लई भारी गंमत हाय की!"

"तुमच्यात देत नाहीत?"

"न्हाय बाई. आमच्यात ताक माणसं पित्यात. जंत झाला की भंडारा लावायचा आन् देवावर सोडायचं. जगलं तर आपलं, न्हाय तर त्याचं." मग तिने आत जाऊन वाटीत विरजण आणले. "घ्या. पर भटणीनं धनगराचं इरजान न्हेलं म्हून गल्लीत सांगू नगासा, माझीच आब्रू जायची."

पदराखाली वाटी धरून घरी आले. तांबूचे अजून थोडे दूध निघते. त्यालाच लावले. मडके पडवीत.

नागपंचमी

पहिला डोस. बांबूची नळी करून घेतली. गोजाबाईने मान धरली, मी नळी तोंडाच्या कडेने सारली. अर्धे ताक ढवळीच्या पोटात, अर्धे माझ्या पातळावर. मिरीने तर थेट डोळ्यांत उडवले. शकू ओट्यावर बसून इतकी हसली की खोकला आला, आणि खोकल्यातही हसत राहिली. किती दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला.

वेणीमाधवभटजी कुंपणावरून पाहत होते. "वा! नागाला दूध, शेळीला ताक. अनसूयाबाई, आम्हां ब्राह्मणांना काही उरलंय का?"

"तुम्हालाही जंत झाले असतील तर या, भटजी. नळी धुवून ठेवते."

तोंडातून गेले खरे. ह्यांना कोर्टातून आल्यावर कळलेच असणार, कारण जेवताना मीठ मागण्यापलीकडे बोलले नाहीत. मला पश्चात्ताप होईना.

श्रावण शुद्ध ११

काही नाही. रोज सकाळी उपाशीपोटी ताक पाजते आहे, तळे बंद आहे, लिंबाचा पाला आणि बाभळीच्या शेंगा घालते आहे. ढवळीची पिशवी तशीच लोंबते. डोळे मिटून उभी असते. गोजाबाई म्हणाली, "मन मोडू नगासा," म्हणजे तिनेही आशा सोडली.

गोजाबाई आज तिच्या शेळ्या घेऊन सांगोल्याकडे भावाच्या गावी गेली. इथे तळ्यावर तिच्याही आजारी पडू लागल्यात.

वन्संच्या बोलण्याने आज फार लागले. मी पडवीत मडके धुत होते आणि त्या तुळशीला प्रदक्षिणा घालत होत्या. माझ्याकडे पाहायचे नाही, पण आवाज मला ऐकू येईल इतका. "काही लोकांना ताक आणि पांढरं पाणी यातला फरक कळत नाही हो तुळशीमाय. रात्री लावायचं आणि सकाळी घुसळायचं, ते काय औषध? ते जेवणातलं. जंत काय जेवायला बसलेत? नाकाला झिणझिण्या येईपर्यंत ठेवायला हवं, तीन दिवस, उबेला. पण शिकल्यासवरल्यांना सांगणार कोण!"

मी दुधाचे पातेले आपटले. जखमेवर मीठ चोळायची ही रीत त्यांनाच साधते.

तरी मग मी तीन दिवस ठेवायचे ठरवले आहे. टोमणा असला तरी खोटा कशावरून?

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी

चमत्कारिक गोष्ट. पडवीच्या कोपऱ्यात ठेवलेले मडके आज सकाळी चुलीच्या ऊबदार राखेजवळ सरकलेले होते. वर ओले फडके, फडक्यावर झाकण. शकूला विचारले, ती नाही म्हणाली.

वन्सं आतून म्हणाल्या, "मांजर असेल."

आमच्याकडे मांजर येते हे मला ठाऊक नव्हते. दूध झाकून ठेवायला हवे.

ताक मात्र असे झाले होते की झाकण काढताच डोळ्यांत पाणी आले. तेच पाजले.

श्रावण वद्य २

आंघोळीआधीच लिहायला बसले.

मिरीच्या लेंड्यांत शेवयांच्या तुकड्यांसारखे पांढरे पडले. पुष्कळ. तांबूच्याही. किळस यायला हवी होती, पण मी उकिडवी बसून पाहतच राहिले, एखाद्याने दागिने पाहावेत तशी. शकूला हाक मारली. तीही बसली. मायलेकी दोघी लेंड्यांपुढे! वेणीमाधवभटजींनी पाहिले असते तर त्यांना संध्या पुन्हा करावी लागली असती.

ढवळी रवंथ करते आहे. कित्येक दिवसांत तिचा जबडा हलला नव्हता.

श्रावण वद्य ४

तांबूचे करडू गेले. शेवटचे.

हे लिहून ठेवलेच पाहिजे. ताक त्यालाही रोज देत होते. कालपर्यंत उड्या मारत होते असे म्हणणार नाही, पण उभे होते. आज नाही.

तिरीमिरीत दवाखान्यात गेले. मानसिंग डॉक्टरांना सगळे सांगितले, ताकाचे, शेवयांचे, करडाचे. त्यांनी हसण्यावारी नेले नाही, हे त्यांचे मोठेपण.

"आमच्या पुस्तकात ताक नाही, बाई. म्हणून मी हो म्हणणार नाही. तळं बंद केलंत, त्याचाच गुण असेल. नुसतं तेवढ्यानंही शेळ्या सावरतात."

"मग मी ताक बंद करू?"

"तसं कुठं म्हणालो? तुम्ही तळं बंद केलंत तेव्हाच ताकही सुरू केलंत. कशानं काय झालं ते आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही."

रस्ताभर त्यांच्याशी मनात भांडले. घराजवळ येईतो भांडण संपले. त्यांचे चूक नाही. मला खरे काय ते हवे आहे, की मी खरी ठरायला हवी आहे? पण मंगळवार तोंडावर आला असताना दोन्हींतले एक सोडून पाहण्याची चैन मला परवडायची नाही. दोन्ही चालू ठेवीन. उत्तर मागाहून शोधीन. कोणी हसले तरी.

श्रावण वद्य ९, गोपाळकाला

सगळे संपले असे वाटते आहे.

चार दिवस झड लागून राहिली. मडक्यातल्या दह्याला तार सुटली, वर गुलाबी बुरशी, वास कुजका. ओतून द्यावे लागले. दुसऱ्या वाटीतही तेच. विरजण मेले. गोजाबाई सांगोल्याला. ढवळीचे कालपासून पुन्हा खाणे कमी झाले. शकू दिवसभर झोपून आहे.

देवळात काला होता, म्हणून घरातले सगळे दही वन्संनी पहाटेच तिकडे पाठवले होते. संध्याकाळी मी उंबऱ्याशी गेले. आत नाही, उंबऱ्याशीच. तेव्हाच त्यांनी देवाजवळ समई लावली.

"वन्सं, चमचाभर विरजण द्या."

त्यांनी वळून पाहिले. शिंक्यावर झाकलेली वाटी होती, मला दिसत होती.

"दिवे लागले, अनसूये."

"चमचाभर."

"दिवे लागल्यावर घरातलं विरजण बाहेर देत नाहीत. लक्ष्मी जाते. तुला सांगायला का हवं? तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

मग मात्र माझा तोल गेला. "कुठली लक्ष्मी? माझी लक्ष्मी तिकडे परसात उपाशी उभी आहे, आणि दुसरी माजघरात तापाने पडली आहे. तिसरी कुठली असेल तर तुमची तुम्हाला लखलाभ!"

त्या समईची वात पुढे सारत राहिल्या. हे झोपाळ्यावरून म्हणाले, "ताईला असं बोलायचं नाही." मी पडवीत येऊन बसले. रडले नाही. राग इतका होता की रडायला जागा नव्हती. तांबूचे दूध तापवून तसेच मडक्यात ठेवले आहे, कशाला ते देवाला ठाऊक.

एका छपराखाली वीस वर्षे राहून माणूस इतके दगड कसे असू शकते?

श्रावण वद्य १०

मडक्यात दही लागले आहे!

सुरीने कापावे असे घट्ट. विरजणाशिवाय दही लागत नाही हे शेंबडे पोरही सांगेल. शकूला उठवून विचारले, "तू आत्याच्या वाटीला हात लावलास?" ती शपथ घेते आहे की नाही. खोटे बोलत असावी. माझ्यासाठी बोलत असावी, म्हणून रागावता येईना. जवळ घेतले. अंग निवाले होते.

वन्सं आज कोणाशी बोलत नाहीत. स्वयंपाकघरात काहीतरी जोरजोरात घासत आहेत. वाटी अर्धी झाल्याचे त्यांना कळले असणार. मी धीर करून म्हणाले, "वन्सं, कालच्या..."

"मांजर," त्या म्हणाल्या. "शिंक्यावर चढलं मेलं. सांडलं असेल तुमच्यात, मी काय करू?"

शिंक्यावरून पडवीतल्या झाकलेल्या मडक्यात सांडणारे मांजर मी आजवर पाहिले नाही. शकूला वाचवायला त्यांनी मांजराचे नाव पुढे केले, याचे मात्र नवल वाटले. दगडालाही कधी पाझर फुटतो म्हणायचा.

श्रावण वद्य १३

ढवळीची पिशवी ओसरली. बोटाला नुसती कातडी लागते. पापणी उलटून पाहिली, आत डाळिंबाच्या सालीइतकी लाली. सकाळी तिने स्वतःहून नळीकडे तोंड केले.

पेलाभर दूध निघाले. शकूने ते पडवीत उभ्या उभ्या प्यायले. ओठांवर मिशी.

उद्या मंगळवार.

श्रावण वद्य १४, मंगळवार

आज जे घडले ते घडले तसे लिहिते.

सकाळी खाटीक आला. ह्यांनी बोलावले होते, आणि येऊ नको म्हणायला धजले नव्हते. त्याच्यामागून वेणीमाधवभटजी आले, त्यांच्यामागून अर्धी गल्ली. खाटीक शेळ्यांजवळ बसला, पाठीवरून हात फिरवला, पापणी पाहिली, आचळ चाचपले. मग उठून ह्यांना म्हणाला, "रावसाब, मेरेकू बिमार बकरी बोले थे. ये तो दूधवाली है. इसको काटा तो मेरेकूच गुना लगेंगा." आणि टोपी नीट करून निघून गेला.

मला वाटले, जिंकले. पण भटजी खाटकासाठी आलेच नव्हते.

"चिंतामणराव," ते ह्यांना म्हणाले, "शेळ्या ठेवा नाहीतर हत्ती ठेवा. मला देवाचं बोलायचं आहे. गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी विहिरीवर होतो. तुमच्या घरातून कोणीतरी सोवळ्यातली वाटी घेऊन पडवीत आलं, शेळीच्या मडक्यात घातलं, आणि शेळीच्या तोंडाजवळ हात नेला. त्याच हातांनी मग देवाचा नैवेद्य झाला. कोण होतं ते?"

मी शकूकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होती. दारात वन्सं उभ्या होत्या. विधवेच्या ओल्या, तांबड्या आलवणात, तोंडावर रंग नाही.

मी किती आंधळी! मडके राखेजवळ सरकवणारी, फडके ओले करणारी, तुळशीला औषध सांगणारी. समई लागल्यावर देता येत नाही म्हणून पहाट होईतो वाट पाहत बसलेली. आणि मी त्यांना दगड म्हणून इथे लिहून ठेवले आहे. खोडणार नाही. माझ्या डोळ्यांपुढे राहू दे.

त्यांना या जगात तो नैवेद्य सोडून काय आहे? मी पुढे झाले. "मांजर होतं, भटजी."

"मांजर?" ते हसले. "आलवण नेसलेलं मांजर?"

गल्ली हसली. मी म्हणाले, "मग मी होते. माझंच लुगडं दिसलं असेल. पहाटेचं तुम्हाला काय दिसतंय!"

"अनसूये, बाजूला हो."

वन्सं पायरी उतरून अंगणात आल्या. अंगणात इतक्या माणसांपुढे त्या कधी आल्या नव्हत्या. पदर डोक्यावर ओढून घेतला, पण मान खाली नव्हती.

"मी होते. मांजर नव्हतं, ही नव्हती. माझी वाटी, माझा हात. आमची पोर त्या जनावराचं दूध पिऊन जगली. त्याला माझ्या आईचं विरजण चालत नसेल तर ते विरजण काय करायचं आहे? आणि त्यानंतर मी आंघोळ करूनच नैवेद्य केला. सांगायचं ते सांगितलं."

"मग उद्यापासून देवाला तुमच्या हातचं चालणार नाही, यशोदाबाई."

"देवाला विचारलंत?"

भटजींनी उपरणे सावरले.

"तीस वर्षं त्यानं माझ्या हातचं खाल्लं. त्याला विचारून या. तुमच्या मनानं सांगू नका."

भटजी वळले. तेव्हा एक अशी गोष्ट झाली की मी ती कधी विसरणार नाही. हे, गल्लीला भिणारे, पुढे झाले आणि भटजींसाठी फाटक उघडून धरले. "या आता," म्हणाले. एवढेच. पण आवाज कोर्टातला होता, पुकारा करतात तसा.

सगळे गेल्यावर मी वन्संच्या पाया पडायला वाकले. त्या मागे सरल्या. "शिवू नको. शेळ्यांचा वास येतो तुझ्या अंगाला."

पोळा

आज पहाटे वन्सं उठल्या, आंघोळ झाली, चूल पेटवली आणि मग पळी हातात घेऊन नुसत्या बसून राहिल्या. देवळात दुसऱ्या घरचा नैवेद्य गेला. घंटा ऐकू आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.   ही झळ त्यांना पुढे रोज पहाटे लागणार, आणि माझ्या शेळ्या जगल्या म्हणून ती खोटी होणार नाही.

दुपारी रस्त्याने बैल निघाले, झुली घातलेले, शिंगे रंगवलेले. शकूने शेजारच्या बैलांना लावून उरलेला लाल हिंगूळ आणून ढवळीची, मिरीची, तांबूची शिंगे रंगवली. मी म्हणाले, "अगं, लोक हसतील." ती म्हणाली, "हसू देत की. तू कधीपासून बघायला लागलीस?" मग मीच तिघींना फाटकात नेऊन उभे केले, येणाऱ्याजाणाऱ्यांना नीट दिसावे म्हणून.

संध्याकाळी सगळ्या घरांतून दिवे लागले. वन्संनी समई लावली. तेवढ्यात परसात हाक आली. गोजाबाई. भावाच्या गावाहून परतली होती, पायांना चिखल, खांद्यावर करडू. त्याचे पोट भरल्या पखालीसारखे.

"वैनी, तुमच्या शेळ्या जगल्या म्हनं? माझी तीन गेली. हे तेवढं ऱ्हायलंय." मग तिला माजघरातली समई दिसली आणि ती थबकली. "दिवं लागल्यात न्हवं? आन् आज आवस. मला ठावं हाय, इरजान देत न्हाईत. मी उद्या फाटं येती."

माझ्या मडक्यातले सगळे सकाळी संपले होते. मी काही म्हणायच्या आत आतून आवाज आला.

"थांब गं."

वन्सं शिंक्यावरची वाटी घेऊन बाहेर आल्या. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला, पडवी ओलांडली, परसाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. गोजाबाई घाबरून मागे झाली, "आक्का, शिवू नगासा, तुमचं सवळं..." वन्संनी वाटी तिच्या हातात दिली. वरून टाकली नाही, हातात दिली.

"तीन दिवस उबेला ठेव. नाकाला झिणझिण्या यायला हव्यात. अनशापोटी दे. आणि त्या तळ्याकडे फिरकू नको."

"आन् लक्शुमी, आक्का?"

"जाऊ दे तिला," वन्सं म्हणाल्या. "शेळ्यांकडेच जाईल. परत येईल."

गोजाबाई गेली. वाटी देताना करडाला लागलेला आपला हात वन्संनी पाहिला, धुवायला घंगाळाकडे वळल्या, आणि मग धुतला नाही. पदराला पुसला.